फुकटचा सर्व्हर कितीला पडतो?



गेल्या व्हिडिओत आपण ठरलेला खर्च आणि धंद्याबरोबर वाढत जाणारा खर्च वेगळा कसा काढायचा ते बघितलं. आज तेच गणित जरा वेगळ्या ठिकाणी लावू. इथे विक्री नाही, नफा नाही, मालक पण नाही. बिल मात्र दर महिन्याला येतं.

फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जे दिसतं, त्यामागचं बरंचसं सॉफ्टवेअर तिथे घडतं. वेलँड, मेसा, पाइपवायर अशी कामं तिथे चालतात. २००० साली हा प्रकल्प सुरू झाला. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं मोजकी, तीही मुख्यतः आपला वेळ काढून हे करतात. एखाद्या गावातलं सार्वजनिक वाचनालय चालतं ना, साधारण तसं.

२०१८ मध्ये त्यांनी कोड ठेवायला गिटलॅब घेतलं. त्यात एक भारी सोय असते. कोणी कोडमध्ये एक ओळ बदलली, की सर्व्हर आपोआप सगळं सॉफ्टवेअर पुन्हा तयार करून तपासतो. काही मोडलं असेल तर लगेच कळतं. सोय इतकी चांगली, की प्रत्येक जण ती वापरायला लागला. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये या सर्व्हरचं बिल भरणाऱ्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनने जाहीर इशारा दिला: वर्षाचा खर्च ७५ हजार डॉलरच्या घरात जातोय, स्पॉन्सर मिळाला नाही तर काही महिन्यांत ही तपासणी बंद करावी लागेल.

आता नीट बघा. सर्व्हर महाग झाला नव्हता. वाढला होता तो वापर.

मोठ्या क्लाउड कंपन्यांचा हिशोब कसा असतो? माल आत आणायला पैसे नाहीत, बाहेर न्यायला पैसे. तुमच्या सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला साधारण ८ ते १२ सेंट. वाचताना काहीच वाटत नाही. पण समजा, एका तपासणीसाठी १ जीबीची फाइल उतरवावी लागते, एका बदलामागे अशा १० तपासण्या होतात, आणि दिवसाला ५० बदल येतात. झाले रोजचे ५०० जीबी. महिन्याचे १५ हजार जीबी. ९ सेंटने १,३५० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर सव्वा लाखाला जरा कमी. तेही फक्त वाहतुकीचे! मशीनचं भाडं वेगळं.

माझ्या मते अशा प्रकल्पाचं बजेट करताना पहिला प्रश्न ‘सर्व्हर केवढ्याला?’ हा नसावाच. ‘महिन्याला किती डेटा बाहेर जाणार?’ हा असावा. हॉटेल काढणारा माणूस गाळ्याचं भाडं चार ठिकाणी विचारतो आणि गॅस सिलिंडर किती लागतील हे मोजत नाही, तसलाच हा प्रकार. काही कंपन्या पूर्ण मशीन भाड्याने देतात आणि वाहतूक त्यातच धरतात. जर्मनीची हेट्झनर त्यातली एक. जिथे डेटा जास्त आणि बाकी काम बेताचं, तिथे असं मशीन बहुतेक वेळा स्वस्त पडतं. अर्थात ते सांभाळायचं तुम्हालाच. डिस्क भरत आली, की रात्री उठून बघणारा माणूस तुमचाच.

पुन्हा आपल्या गोष्टीकडे येऊ. पॅकेट नावाच्या कंपनीने या लोकांना मशीन फुकट दिली होती, हळूहळू काम तिकडे हललं. पॅकेटला २०२० मध्येच इक्विनिक्सने विकत घेतलं, तरी मदत चालू राहिली. चांगली वर्षं गेली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये इक्विनिक्सने जाहीर केलं, की मशीन भाड्याने देण्याचा हा धंदाच आपण जून २०२६ पर्यंत बंद करतोय. स्पॉन्सरशिप त्याआधीच संपणार होती. एप्रिल २०२५ अखेरपर्यंत जागा रिकामी करा, असा निरोप आला. अल्पाइन लिनक्स हा दुसरा मोठा प्रकल्पही त्याच मशीनवर होता. तोही त्याच महिन्यांत नवी जागा शोधत फिरत होता.

यात इक्विनिक्सला दोष द्यावा असं मला वाटत नाही. अनेक वर्षं फुकट दिलं, आणि अगोदर सांगितलं. आपल्या किराणा दुकानात कोल्ड्रिंकची कंपनी फ्रिज देते, तसंच आहे हे. फ्रिज छान असतो, फुकट असतो, पण तो आपला नसतो. कंपनीचं धोरण बदललं, की टेम्पो येतो आणि फ्रिज घेऊन जातो. आतलं दूध-दही कुठे ठेवायचं ते तुम्ही बघायचं.

फ्रीडेस्कटॉपकडे तोवर महिन्याला साधारण ५० टीबी डेटा बाहेर जात होता. क्लाउडच्या दराने नुसत्या वाहतुकीचेच महिन्याला चार-साडेचार हजार डॉलर झाले असते. शेवटी मार्च २०२५ मध्ये ते हेट्झनरवर गेले. पण मला जास्त आवडली ती त्यांच्यातल्या एका सर्व्हर सांभाळणाऱ्याने तेव्हा मांडलेली भूमिका. सर्व्हर आपण आपल्या नावाने, आपल्या पैशाने घ्यायचे आणि स्पॉन्सरकडून मशीन न मागता पैसे मागायचे. स्पॉन्सर गेला, तर तेवढ्या पैशाची जागा दुसऱ्या कोणाकडून भरून काढता येते. मशीन गेलं तर अख्खं बिऱ्हाड हलवावं लागतं.

हे मला पूर्ण पटतं. फक्त एक अडचण आहे. कंपनीकडून वस्तू मिळणं सोपं, रोख मिळणं अवघड. पडून असलेलं मशीन द्यायला कंपनीला फार काही लागत नाही, पण चेक फाडायचा तर तीन सह्या लागतात. म्हणून वस्तू नाकारू नका. तपासणीची मशीन फुकटची चालतील, कारण ती गेली तर काम मंदावेल, थांबणार नाही. मूळ कोड, लोकांची खाती आणि बॅकअप मात्र ज्याचं भाडं तुम्ही भरता त्याच जागेवर ठेवा. आणि बॅकअप त्याच कंपनीकडे नको, दुसऱ्या कंपनीकडे.

आता छोटं गणित करू. समजा तुमच्या चार-पाच जणांच्या प्रकल्पाला सर्व्हर ६,००० रुपये, बॅकअप १,५०० आणि डोमेन वगैरे ५०० असा महिन्याचा खर्च आहे. महिना ८,०००, वर्षाचे ९६,०००. दरपत्रकातला आकडा जीएसटी धरून आहे ना, ते आधी बघा. १८ टक्के कमी नसतात. शिवाय जागा बदलायची वेळ आली, तर जुनं आणि नवं दोन्ही एक महिना बरोबर चालवावं लागतं, त्याचे ८,००० वेगळे बाजूला ठेवा. आणि सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ४८,०००, हात न लावता. फ्रीडेस्कटॉपला हातात मिळाले जेमतेम काही महिने, आणि ते नावाजलेले होते. तुमच्या-माझ्या प्रकल्पाला नवा स्पॉन्सर शोधायला जास्तच वेळ लागेल.

पैसे गोळा कुठे करायचे? स्वतःच्या बचत खात्यात नको. भांडण होत नाही तोवर चालतं, झालं की हिशोब कोणी मानत नाही. परदेशात यासाठी छत्र-संस्था असतात: देणगी त्यांच्या खात्यात येते, बिलं त्या भरतात, त्याबदल्यात कापून घेतात. एसपीआय ही अमेरिकन संस्था ५ टक्के घेते, ओपन सोर्स कलेक्टिव्ह १० टक्के. इथे बरेच जण चुकतात. ९६,००० हवेत आणि १० टक्के कापणार, म्हणून १,०५,६०० गोळा केले, तर हातात येतात ९५,०४०. बरोबर आकडा ९६,००० भागिले ०.९, म्हणजे १,०६,६६७.

भारतात ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनी काढून परदेशी देणगी घ्यायची असेल, तर एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्या वाटेला जायचं तर आधी सीएला भेटा. देशातला पैसा बघायचा असेल तर झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला आहे. वर्षाला एकूण १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. अर्जाआधी तुमच्या प्रकल्पाला किती पैसे हवेत आणि कशासाठी, हे एका ठरावीक फाइलमध्ये लिहून जाहीर ठेवावं लागतं. म्हणजे वरचं गणित कागदावर असल्याशिवाय तिथे दारच उघडत नाही.

आणि एक खर्च कुठल्याच बिलात येत नाही: सर्व्हर सांभाळणारा माणूस. डोमेन एकाच्या नावावर, पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये, आणि तो नवीन नोकरीत अडकला, की पैसे शिल्लक असून प्रकल्प बंद पडतो. किल्ल्या किमान दोघांकडे ठेवा. दर तीन महिन्यांनी बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करून बघा, आणि ते दुसऱ्याने करावं, पहिल्याने शेजारी नुसतं बसून राहावं.

हिशोबाची एक्सेल शीट पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो. तोवर तुमच्या सर्व्हरवरून गेल्या महिन्यात किती जीबी बाहेर गेले, तेवढा एक आकडा काढून ठेवा.