मेंदूतली वजाबाकी

मेंदूतली एक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्या फांद्यांवर बारीक काटे दिसतात. एकेक काटा जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, पण शेजारच्या पेशीकडून येणारा निरोप बऱ्याचदा याच काट्यावर उतरतो. लहानपणी हे काटे भरमसाट फुटतात आणि पुढे मेंदू स्वतःच त्यांतले कितीतरी काढून टाकतो. शहाणं होण्यात अशी वजाबाकीही असते, याचं मला अजून नवल वाटतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ग्वोमेई तांग, डेव्हिड सल्झर आणि सहकाऱ्यांनी हेच काटे मोजले. मृत्यू पावलेल्या, २ ते २० वर्षे वयाच्या मुलामुलींच्या जतन केलेल्या मेंदूंतले, कानशिलाकडच्या भागातले. २०१४ साली निष्कर्ष आले: ऑटिझम नसलेल्यांत बालपण सरता सरता काटे जवळपास निम्म्यावर येतात, ऑटिझम असलेल्यांत घट फक्त १६ टक्क्यांच्या आसपास. त्यांच्या पेशींतला टाकाऊ माल मोडून काढणारी यंत्रणाच मंदावलेली होती. अर्थात तपासलेले मेंदू थोडे, मेंदूतली जागा एक. आणि ऑटिझमशी शेकडो जनुकांचं नातं आहे. तेव्हा ‘कारण सापडलं’ असं कुणी म्हणू नये. पण धागा विलक्षण आहे.

असा धागा ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईच्या किती कामाचा असतो! १९६७मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी पुस्तक लिहून ऑटिझमचा दोष आईबापांच्या, विशेषतः आईच्या, कोरडेपणावर ठेवला होता. खरं तर मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, १९६४मध्येच ऑटिझमचं मूळ शरीरात आहे असं मांडलं होतं. तरी आपल्याकडे आजही ‘तू नोकरी करतेस ना, म्हणून’ हे सुनेला ऐकावं लागतं. तिच्या मनावरचं ओझं या काट्यांच्या मोजणीने थोडं तरी उतरतं.

ऑटिझम असलेल्या प्रौढांना मात्र याच बातमीत वेगळं काही ऐकू येतं. सल्झर यांच्या गटाने असाच बिघाड असलेल्या उंदरांना रॅपामायसिन दिलं, तेव्हा काट्यांची थांबलेली छाटणी सुरू झाली आणि उंदरांचं एकमेकांशी वागणं सुधारलं. हे औषध अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात; मुलांना सरसकट द्यायचं नव्हे. पण ‘सुधारलं’ हा शब्द टोचतो. स्वतः ऑटिझम असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३मध्येच पालकांना सांगितलं होतं, आमच्यासाठी शोक करू नका. ऑटिझम बाजूला काढून आत वेगळं मूल सापडत नाही. मला त्यांचं पटतं. ज्याला अपस्मार किंवा झोप न लागणं छळतं, त्याला इलाज हवाच. पण कुठला काटा जादा, हे ठरवताना ज्याच्या डोक्यात तो आहे त्याला आधी विचारायला हवं.