छोट्या विमानाचा इंधनमापक : लहरी काट्याचा दोष कसा शोधावा

सरळ रेषेत धुळे ते सुरत हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. ताशी १६० किलोमीटर वेगाने उडणारे व तासाला २० लिटर पेट्रोल जाळणारे लहानसे विमान ते सव्वा तासात कापू शकते. पेट्रोल लागते २५ लिटर. परंतु समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग १२० वर येतो, प्रवासास एक तास चाळीस मिनिटे लागतात आणि पेट्रोलचा खर्च ३३ लिटरांच्या वर जातो. शिवाय निदान अर्ध्या तासाचा राखीव साठा, म्हणजे आणखी १० लिटर, टाकीत असावयास हवा. मोटारीतील पेट्रोल संपले तर ती रस्त्याच्या कडेस उभी राहते. विमानास ती सोय नाही, आणि या मार्गावर तर सह्याद्रीच्या उत्तरेकडील डोंगररांगा व डांगच्या बाजूचे जंगल आहे. म्हणूनच टाकीतील पेट्रोल दाखविणारा काटा कधी खरे व कधी खोटे बोलू लागला, तर तो दोष क्षुल्लक मानता येत नाही.

स्वतःच्या हातांनी विमान घडविणे ही आता केवळ परदेशातील गोष्ट राहिलेली नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक श्री. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणचाचण्या झाल्या. कारखान्यातून येणाऱ्या विमानाबरोबर दुरुस्तीची पुस्तिका मिळते; घरी बांधलेल्या विमानाची पुस्तिका बांधणाऱ्यानेच लिहावयाची असते. पुढील विवेचन कोणा एका विमानास उद्देशून नाही. या वर्गातील बहुतेक विमानांना, आणि खरे पाहता जीप व ट्रॅक्टरलाही, ते लागू पडते.

इंधनमापकाची रचना साधी असते. टाकीत दांडीच्या टोकाशी एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोलची पातळी बदलली की दांडी हलते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्ती तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे विजेच्या मार्गातील रोध कमीअधिक होतो. प्रचारातील एका अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असता हा रोध सुमारे २४० ओहम व भरलेली असता सुमारे ३३ ओहम असतो. वैमानिकासमोरचा काटा पेट्रोल पाहत नाही. तो फक्त हा रोध पाहतो. वाटेत कोठेही वायर तुटली, सैल झाली वा गंजली, तर काट्याच्या दृष्टीने पेट्रोलच कमी झालेले असते.

पूर्ण बंद पडलेल्या मापकापेक्षा अधूनमधून चालणारा मापक अधिक घातक म्हटला पाहिजे, कारण बंद मापकावर कोणी विसंबत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण मोठ्या विमानाचे आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले होते. त्याच्या इंधनमापन यंत्रणेत दोन विभाग होते व एकातील सोल्डरचा सांधा कच्चा होता. आदल्या मुक्कामी एका तंत्रज्ञाच्या ध्यानात आले की, सदोष विभागाचा सर्किट ब्रेकर बाहेर ओढला म्हणजे दुसऱ्या विभागावर मापक ठीक चालतो. माँट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी तो ब्रेकर पुन्हा आत दाबला, तेवढ्यात त्याचे लक्ष दुसरीकडे गेले आणि ब्रेकर तसाच राहिला. मापक कोरे पडले.

मग टाकीत पट्टी घालून मोजणी झाली. ७,६८२ लिटर इंधन निघाले. हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करण्यास सुमारे ०.८० ने गुणावयाचे, त्याऐवजी पौंडांचा गुणक १.७७ वापरला गेला. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे सुमारे १३,६००. हे किलो समजून उरलेल्यापोटी ४,९१६ लिटर भरले. वास्तविक भरावयाचे होते २०,००० लिटरांहून अधिक. (वर्गात एकके शिकविताना याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.) ४१,००० फूट उंचीवर इंधन संपले आणि वैमानिकांनी ते अवाढव्य विमान इंजिनांशिवाय तरंगत आणून गिमली येथील हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरविले. ६९ जणांपैकी कोणी दगावले नाही.

आता छोट्या विमानाकडे वळू. दोष शोधण्यापूर्वी विमान उघड्यावर आणावे, टाकीची झाकणे बंद ठेवावीत, जवळ अग्निशामक असावा आणि कोणतीही वायर काढता-जोडताना मुख्य स्विच बंद असावा. पेट्रोलची वाफ दिसत नाही; ठिणगी मात्र तिला लगेच सापडते.

पहिल्याने लक्षणांची नोंद करावी. काटा केव्हा हलतो? इंजिन सुरू होताच थरथरत असेल तर कंपनाने सुटणारा सांधा संशयित. टाकी अर्धी झाली की दरवेळी त्याच जागी काटा उडी मारत असेल तर वेटोळे तेथे झिजलेले आहे, किंवा दांडी टाकीच्या आतील पडद्यास घासून अडकते आहे. उतरण्याचा दिवा लावताच काटा सरकत असेल तर दिव्याचे व मापकाचे अर्थिंग एकाच कमकुवत जागी जोडलेले आहे. वायरलेसवर बोलताना काटा डोलत असेल तर मापकाची वायर अँटेनाच्या वायरजवळून गेली आहे. एवढी पाहणी पाने न उघडता, एकही स्क्रू न काढता होते. पुष्कळ जण ती टाळतात आणि थेट नवा मापक विकत आणतात. दोष बहुधा तेथे नसतोच.

यानंतर अर्थिंग तपासावे. ॲल्युमिनियमच्या विमानात टाकीचा पत्रा हाच परतीचा मार्ग धरलेला असतो. परंतु स्क्रूखाली रंग किंवा गळतीरोधक लेप राहिला तर मार्ग अडतो. फायबरग्लासच्या विमानात अंगातून वीज वाहतच नाही, म्हणून अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते. सुरतेचा विमानतळ डुमसच्या बाजूस, समुद्र व खाडीच्या सान्निध्यात आहे. अशा खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो व पावसाळ्यानंतर हा दोष हमखास डोके वर काढतो. टर्मिनल घासून स्वच्छ करावे, मल्टिमीटरने रोध पाहावा. तो जवळजवळ शून्य असला पाहिजे.

त्यानंतर मापक आणि वायर यांची पारख. मुख्य स्विच बंद करून टाकीवरील वायर सोडवावी व मोकळी ठेवून स्विच लावावा. वर सांगितलेल्या पद्धतीच्या मापकात काटा ‘रिकामी’कडे गेला पाहिजे. पुन्हा स्विच बंद करून तीच वायर अर्थिंगला जोडावी. आता काटा ‘भरलेली’कडे गेला पाहिजे. दोन्ही वेळा तसे झाले तर मापक व वायर ठीक, दोष टाकीत. काही युरोपीय मापकांत क्रम नेमका उलटा असतो, तो आधी जाणून घ्यावा. येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयाची : सैल सांधा काट्याला खाली नेतो, वैमानिक घाबरतो व उतरतो, पण वायरचे आवरण एखाद्या पत्र्याच्या कडेवर घासून ती अंगाला टेकू लागली, तर काटा टाकी भरलेली दाखवितो. म्हणून वायर जेथे जेथे पत्र्यातील भोकातून जाते तेथे रबरी कडे शाबूत आहे की नाही हे बोट फिरवून पाहावे. इंजिन बंद असताना सर्व ठीक दिसते. वायर हाताने हलवीत काट्यावर दुसऱ्यास लक्ष ठेवावयास सांगावे.

काही नव्या मापकांत फ्लोट नसतो. दोन नळ्यांमधील द्रवाच्या विद्युत्‌गुणावरून पातळी ओळखली जाते. हा गुणांक पेट्रोलचा सुमारे २, इथेनॉलचा सुमारे २४ व पाण्याचा सुमारे ८० असतो. त्यामुळे मोटारीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरल्यास किंवा तळाशी पाणी साचल्यास असा मापक भलतेच आकडे दाखवितो, आणि वायरींचा शोध व्यर्थ ठरतो.

दोष निघाल्यावर मापकाची नव्याने आखणी करावी लागते. विमान उडताना जसे समतल असते तसे टेकूवर ठेवावे. शेपटीस चाक असलेले विमान जमिनीवर तिरके उभे असते, त्या स्थितीतील आखणी निरुपयोगी. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर भरत काट्याच्या जागेवर खुणा कराव्यात. जे थोडे पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत नाही तेवढेच उरले असता काटा शून्यावर यावा. त्याच वेळी लाकडी मोजपट्टीवरही खुणा कोराव्यात. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे घरगुती बांधणीचे विमान कॅलिफोर्नियात समुद्रात कोसळले, तेव्हा इंधन दाखविणाऱ्या नळ्यांवर खुणा नव्हत्या आणि टाकी बदलण्याची मूठ हाताला अवघड जागी होती, असे चौकशीत नमूद झाले.

दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण धावपट्टीच्या आसपासच, मोजून भरलेल्या पेट्रोलवर करावे. दर पंधरा मिनिटांनी काट्याची जागा लिहून ठेवावी, उतरल्यावर मोजपट्टीने उरलेले पेट्रोल मोजावे आणि दोन्ही आकडे, काढलेला दोष व बदललेला भाग यांची नोंद लॉगबुकात करावी. आकडे जुळले नाहीत तर सुरतेचे उड्डाण पुढे ढकलून पुन्हा अर्थिंगपासून प्रारंभ करावा.