सहल तुमची, वेळापत्रक घोड्याचं!

मित्रांचं टोळकं जमलं, तंबू ठरले, रात्रीच्या शेकोटीला गिटार कोण आणणार आणि मटण कोण लावणार यावर ग्रुपवर यथेच्छ भांडणंही झाली. आता घोडामैदान जवळच! पण घोड्यावरून रानवाटा तुडवत मुक्कामाला जायचं, तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. निघायचं कधी, थांबायचं कुठे आणि आधी कोणी जेवायचं, हे सगळं घोडा ठरवतो. कसं, ते वाचा.

वजनकाट्यापुढे सगळे सारखे

घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं लादू नये, हा स्वारांचा जुना ठोकताळा. म्हणजे ३५० किलोच्या तट्टावर फार तर ७० किलो. त्यात खोगीर, पाण्याची बाटली आणि खिशातला चिवडासुद्धा धरायचा. त्यामुळे 'मला तो पांढराच हवा' हा हट्ट चालत नाही.

पोट फुगवायचा डाव

खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा म्हणजे तंग. तो आवळताना काही बेरकी घोडे छाती फुगवून उभे राहतात. आपल्याला वाटतं, पट्टा घट्ट बसला. घोडा चार पावलं चालतो, श्वास सोडतो, तंग ढिला पडतो आणि स्वार खोगिरासकट एका अंगाला कलंडतो! म्हणून जाणता मोतद्दार घोडा जरा फिरवून आणतो, तंगाखाली दोन बोटं सरकवून बघतो, पुन्हा एक घर आवळतो आणि मगच 'बसा' म्हणतो.

पाय कुठे अडकवायचे?

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच सुटायला लागला होता. सांचीच्या स्तूपावर आणि लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत कोरलेले स्वार पट्ट्याखाली पाय खोचून बसलेले दिसतात. आजच्या लोखंडी रिकिबीचे हे पूर्वज.

एका घोड्यात किती अश्वशक्ती?

एक? चूक! घोडा क्षणभर जीव खाऊन जोर लावतो, तेव्हा जवळपास १५ अश्वशक्ती भरते. दिवसभराच्या कामात मात्र आकडा एकाच्या आसपास येतो. रानवाटेवर तर तो कदम चालीने ताशी सहाएक किलोमीटरच कापतो. सिनेमातली चौखूर दौड विसरा आणि मुक्काम त्या हिशोबाने निवडा.

मागून चोरपावलांनी जाऊ नका

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सगळ्यांत मोठ्यांपैकी आहेत. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळाच्या अगदी पुढची आणि शेपटीच्या मागची. म्हणून मागून जाताना तोंडाने बोलत राहायचं, नाहीतर लाथ ठरलेली. घोड्याचा मूड कळत नसेल, तर कान बघा. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. कान टवकारून पुढे, म्हणजे 'तिकडे काय आहे?' आणि मागे चप्प बसवलेले, म्हणजे 'लांब हो!'

ओकारी बंद, जेवण चालू

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं उलट वर येत नाही. जठरही अंगाच्या मानाने लहान, जेमतेम १० ते १५ लिटरचं. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. एका बैठकीत भरपूर चंदी चारली, तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेततो. पाणी रोज २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तेव्हा तळ टाकायला जागा निवडताना नजाऱ्याआधी पाणवठा बघा. आणि हो, मागच्या दारातून रोज १५-२० किलो लीद बाहेर पडते. निघताना ती पसरून टाकायची, म्हणजे लवकर वाळते.

हा साबण कुणी लावला?

चढ चढून आलेल्या घोड्याच्या मानेवर, लगाम घासतो तिथे, पांढरा फेस दिसतो. घाबरू नका. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे घाम दाट केसांतून झरझर पसरतो, अंग लवकर निवतं आणि घासलं की फेस येतो.

उभ्याउभ्या झोप

पायांतले सांधे 'लॉक' करून घोडा उभ्यानेच डुलक्या काढतो. गाढ, स्वप्नांची झोप मात्र आडवं झाल्याशिवाय येत नाही. चोवीस तासांत सगळी मिळून झोप तीनेक तासांची. कळपातले काही आडवे झाले, की एखादा बहुधा उभा राहून पहारा देतो. अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेड-अंधाराच्या बदलाला डोळे सरावायला वेळ लागतो. त्यामुळे टॉर्च थेट त्याच्या तोंडावर मारू नका.

बांधायचं कसं? आपल्याकडे अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर. अमेरिकेतल्या डोंगरी जंगलांत दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर आडवा दोर ताणतात आणि घोडे त्याला अडकवतात. खोडाशी बांधलेला घोडा खुरांनी माती उकरून मुळं उघडी पाडतो, म्हणून ही सोय. सालीला दोर काचू नये म्हणून खोडाभोवती रुंद पट्टा गुंडाळतात.

खरे कॅम्पर इथलेच

भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा अंगाने आटोपशीर, पण काटक. मराठ्यांच्या चपळ घोडदळाचा हा आधार. आता त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे आणि ती होईपर्यंत त्याला सांभाळलं ते धनगरांनी. मेंढरांमागे महिनोन्‌महिने मुक्काम हलवणाऱ्या या कुटुंबांचा संसार त्याच्याच पाठीवर असतो: भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं. आपण दोन रात्रींसाठी तीन सॅका भरतो!

आणि घोडा हरला!

वेल्समधल्या लॅनर्टिड वेल्स गावी १९८० पासून माणूस विरुद्ध घोडा अशी डोंगरवाटेची शर्यत होते. सुरुवात झाली पबमधल्या वादातून. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. माणूस पहिल्यांदा जिंकला तो थेट २००४ मध्ये. ह्यू लॉब या धावपटूने साचत आलेलं २५ हजार पौंडांचं बक्षीस उचललं.

कॅलिफोर्नियातला किस्सा त्याहून झकास. तिथे १९५५ पासून एका दिवसात १०० मैल घोडा हाकायची 'टेविस कप' शर्यत होते. वाटेत पशुवैद्य घोड्याची नाडी आणि चाल तपासतात. घोडा नापास, तर स्वार घरी! गॉर्डी एन्सलीचा घोडा १९७३ मध्ये लंगडायला लागला आणि शर्यत अर्ध्यावर सुटली. पठ्ठ्या पुढच्या वर्षी घोड्याशिवायच आला आणि तेच १०० मैल २३ तास ४२ मिनिटांत पळून गेला. त्यातूनच पुढे 'वेस्टर्न स्टेट्स १००' ही जगप्रसिद्ध धावशर्यत उभी राहिली.

तात्पर्य: तंबू एकवेळ साधा चालेल, बूट मात्र चालायच्या लायकीचे घ्या. घोडं कुठे पेंड खाईल, सांगता येत नाही!