सहा इंजिनांची ‘यू-१८०’

९ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीतल्या कील बंदरातून निघालेली ‘यू-१८०’ आपल्याकडे ओळखली जाते ती तिच्यातल्या एका उतारूमुळे. नेताजी पाणबुडीने जपानकडे गेले हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, आणि विश्वास पाटलांच्या ‘महानायक’मुळे मराठी वाचकाला ते सारे चरित्रच जवळचे झाले आहे. पण ती पाणबुडी कोणत्या जातकुळीची होती, तिच्या पोटात कसली यंत्रे होती आणि नेताजींना उतरवून दिल्यावर तिचे पुढे काय झाले, इकडे सहसा कुणी फिरकत नाही. वास्तविक जर्मन नौदलाच्या हिशेबात ही बोट एक फसलेला प्रयोग होती, आणि तो प्रयोग नेमका इंजिनांचा होता.

जर्मन पाणबुड्यांत ‘टाइप सात’ ही बिनीची शिलेदार. अटलांटिकमधली बहुतेक लढाई तिनेच लढली. ‘टाइप नऊ’ तिच्याहून थोराड, दूरच्या सागरांसाठी बांधलेली. युद्ध लांबत चालले तशी आणखी मोठी बोट हवीशी झाली आणि ‘नऊ-डी’चा आराखडा निघाला. त्याला दोन फाटे फुटले. ‘डी-२’ला पल्ला दिला: एका दमात तीस हजार सागरी मैलांहून अधिक. ‘डी-१’ला दिला वेग. ‘डी-२’च्या बोटी जवळजवळ तीस झाल्या, ‘डी-१’च्या दोनच, ‘यू-१८०’ आणि ‘यू-१९५’. या एका आकड्यातच प्रयोगाचा निकाल आला.

‘यू-१८०’चे बांधकाम ब्रेमेनच्या ‘वेझर’ गोदीत फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली आणि १६ मे १९४२ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी साडेसत्त्याऐंशी मीटरच्या वर, पाण्यावर असताना विस्थापन १,६१० टन. पुढे चार आणि मागे दोन पाणतीर-नळ्या. इथवर सगळे नेहमीचेच. वेगळेपण इंजिनघरात होते. नेहमीच्या ‘टाइप नऊ’ला दोन सावकाश चालणारी, जड, पण महिनोन्‌महिने तक्रार न करणारी डिझेल इंजिने असत, दोन्ही मिळून ४,४०० अश्वशक्ती. इथे त्यांच्या जागी डाइमलर-बेन्झची सहा इंजिने बसवली, प्रत्येकी वीस सिलिंडरची आणि दीड हजार अश्वशक्तीची. ही इंजिने मूळची टॉर्पेडो बोटींची. रात्री बंदरातून सुटायचे, इंग्लिश खाडीत तासाभराचा हल्ला करायचा आणि उजाडण्याआधी परतायचे, हे त्या बोटींचे काम. हलके, जलद, ताकदवान यंत्र त्यांना शोभतेच. पाणबुडीच्या बंद पोटात तेच यंत्र आठवडेच्या आठवडे चालवायचे म्हणजे शर्यतीचा घोडा नांगराला जुंपण्यासारखे होते.

शिवाय मिळवले काय? नऊ हजार अश्वशक्ती खर्चून वेग झाला ताशी वीस-एकवीस नॉट. साध्या ‘टाइप नऊ’चा अठरा नॉट होताच. पाण्याचा विरोध वेगाबरोबर असा काही चढत जातो की ताकद दुप्पट केली तरी हाती दोन-अडीच नॉटच लागतात. हे जहाजबांधणीतले जुनेच गणित, आणि ते ‘वेझर’च्या अभियंत्यांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. मग हा घाट का घातला? काफिल्याला वळसा घालून पुढे जाऊन दबा धरायचा तर दोन नॉटही मोलाचे असतात, असा विचार त्यामागे असावा. प्रत्यक्षात इंजिने तापत, धूर ओकत आणि तेल पीत. पाण्यावर धुराचा पट्टा सोडत जाणारी पाणबुडी म्हणजे आपला पत्ता आपणच शत्रूला कळवणे. पल्लाही ‘डी-२’च्या निम्म्याहून कमी.

अशा या बोटीत सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी, हैदराबादचे आबिद हसन, चढले. कप्तान होते वेर्नर मूझेनबेर्ग. हसन यांना आपण कुठे चाललो आहोत हेसुद्धा आधी सांगितले नव्हते. त्यांच्या आठवणींत सर्वांत ठळक काही असेल तर तो डिझेलचा वास. पावाला तो, पांघरुणाला तो. जेवण घशाखाली उतरेना तेव्हा हसन यांनी कोठारातून तांदूळ आणि डाळ हुडकून काढली आणि नेताजींसाठी खिचडी शिजवली. नेताजी ती जर्मन अधिकाऱ्यांनाही आग्रहाने वाढू लागले, आणि आता हे धान्य किती दिवस पुरणार, असा घोर हसन यांना लागला. उरलेला वेळ कामाचा: नेताजींनी मजकूर सांगायचा, हसन यांनी लिहून घ्यायचा. एकदा एका तेलवाहू जहाजाने पाणबुडीवर चाल केली. बोट हादरली, हसन यांचा हात थांबला. तेव्हा नेताजींनी त्यांना सुनावले ते एवढेच, की एक मुद्दा दोनदा सांगूनही तुम्ही टिपून घेतला नाहीत.

आपल्याकडच्या कथनांत हा प्रसंग हमखास येतो. १८ एप्रिलचा मात्र अनेकदा गाळला जातो. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला ‘यू-१८०’ने ‘कॉर्बिस’ हे ८,१३२ टनी ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. बोट काही नेताजींची खासगी नाव नव्हती. ती युद्धमोहिमेवर होती आणि ते त्या वेळी आत होते. ‘कॉर्बिस’वरचे बहुतेक खलाशी मेले. पेटलेल्या समुद्रात गोऱ्यांना होड्या मिळाल्या आणि हिंदी व मलायी खलाशांच्या वाट्याला तराफा आला, असे हसन यांनी सांगितले आहे. साम्राज्याची पायरी-पायरीची रचना जहाज बुडतानाही मोडली नाही. ज्या पाणतीराने ते बुडवले तो ज्या बोटीतून सुटला, तिच्यातच हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी निघालेला माणूस बसला होता, हेही तितकेच खरे. यातले एक सांगायचे आणि दुसरे सोडायचे, हे मला पटत नाही.

एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या समुद्रात जपानी पाणबुडी ‘आय-२९’शी गाठ पडली. समुद्र इतका खवळलेला की दोन्ही बोटी शेजारी शेजारी चालत राहिल्या आणि देवघेव होईना. २८ एप्रिलला रबरी तराफा आणि दोर यांच्या साहाय्याने नेताजी व हसन ओलेचिंब होऊन पलीकडे पोचले. दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात नागरी प्रवाशांची अशी अदलाबदल त्या युद्धात दुसरी झाली नाही. जर्मनांनी पाणबुडीचे आराखडे, पोकळ स्फोटकाचा नमुना आणि शत्रूच्या सोनारला चकवणारे साहित्य दिले. जपान्यांकडून आले सुमारे दोन टन सोने आणि पाणतीर. जपानी खलाशांनी पेनांगहून निघतानाच हिंदी मसाले घेऊन ठेवले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सम्राटाच्या वाढदिवसाला पानात रस्सा पडला.

उलट दिशेने ‘यू-१८०’मध्ये आलेले दोन जपानी अधिकारी आपल्याकडे कुणाच्या गावीही नसतात. त्यांतले तोमोनागा हिदेओ हे पाणबुडीचे निष्णात अभियंता. बोट पाण्याखाली एकाच खोलीवर आपोआप स्थिर राहावी यासाठीचे यंत्र त्यांच्या नावावर आहे. १९४५ मध्ये ते ‘यू-२३४’ने मायदेशी निघाले होते. वाटेतच जर्मनी शरण गेली, कप्तानाने बोट अमेरिकनांच्या हवाली करायचे ठरवले, आणि तोमोनागा व त्यांचे सहकारी शोजी यांनी बोटीतच जीव दिला.

‘यू-१८०’ने परतीच्या वाटेवर ३ जूनला ‘बोरिस’ हे ग्रीक जहाज बुडवले आणि ३ जुलैला ती फ्रान्समधल्या बोर्दोला लागली. जवळपास पाच महिन्यांच्या मोहिमेची कमाई दोन जहाजे. तिच्या सैनिकी कारकिर्दीचा एकूण जमाखर्चही तेवढाच, कारण पुन्हा शिकारीला ती कधी निघाली नाही. बोर्दोत तिची सहाही इंजिने उपटली, ‘टाइप सात’ला बसवत तसली दोन साधी इंजिने घातली, पाणतीर-नळ्या काढल्या आणि २५२ टन माल मावेल अशी जागा केली. पूर्वेकडचे रबर, कथील आणि टंगस्टन वरून जहाजाने आणणे दोस्तांनी अशक्य करून टाकले होते. म्हणून हे पाण्याखालचे मालवाहू.

ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये पुढे सरकत असताना रोल्फ रीझेन यांच्या हाताखाली ती पूर्वेकडे निघाली. बिस्केच्या उपसागरातून पुढे तिचा संदेश नाही. पाणसुरुंगावर आदळली असे नौदलाच्या नोंदींत बरीच वर्षे होते. नव्यानेच बसवलेल्या श्नॉर्केलने, म्हणजे पाण्याखालून हवा घेण्याच्या नळीने, दगा दिला असावा, असेही काही अभ्यासकांना वाटते. आतले ५६ जण गेले. तिच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, ‘आय-२९’लाही ‘सॉफिश’ या अमेरिकी पाणबुडीने लुझोनच्या सामुद्रधुनीत गाठून बुडवले होते. म्हणजे एप्रिल १९४३ मध्ये ज्यांच्यामधून तो तराफा ओढला गेला त्या दोन्ही बोटी दीड वर्षाच्या आत तळाला गेल्या.

जुळी ‘यू-१९५’ मात्र तगली. तिचीही तीच इंजिने काढून तिलाही मालवाहू केले होते. तीही त्याच सुमारास बोर्दोहून सुटली आणि १९४४ च्या डिसेंबरअखेर जाकार्ताला पोचली. जर्मनी हरल्यावर जपान्यांनी ती ताब्यात घेऊन ‘आय-५०६’ असे नाव दिले. जपान शरण गेला तेव्हा ती सुरबाया बंदरात होती.