लॅब्राडॉरच्या नाकाचा रंग

आनुवंशिकतेचा पाठ आपल्या शाळांतून बहुधा मेंडेलच्या वाटाण्यापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. परंतु जो प्राणी विद्यार्थ्याच्या रोजच्या पाहण्यातला, ज्याच्या रंगापासून कानांच्या ठेवणीपर्यंतचे सारे तपशील त्याला तोंडपाठ, त्या कुत्र्याला वर्गाबाहेर ठेवून हा विषय शिकवावा, हे मला मोठे नुकसान वाटते.

लॅब्राडॉर जातीचाच दाखला घ्या. काळ्या नर-मादीच्या पोटी एकाच वेतात काळी, तपकिरी आणि पिवळी अशी तिन्ही रंगांची पिल्ले निपजू शकतात. याचा खुलासा असा, की रंगद्रव्य काळे व्हावे की तपकिरी हे एक जनुक ठरवते, आणि ते द्रव्य केसांत उतरावे की नाही याचा हुकूम दुसऱ्याकडून सुटतो. दोन्ही बाबतींत संमिश्र वारसा बाळगणाऱ्या जोडप्यांच्या पुष्कळ पिल्लांचा हिशेब मांडला, तर १६ मध्ये सरासरी ९ काळी, ३ तपकिरी आणि ४ पिवळी असे प्रमाण पडते. मेंडेलचे ९:३:३:१ येथे ९:३:४ का झाले, हे विद्यार्थ्याने स्वतः चौकटी आखून शोधावे. आणि मग पिवळ्या कुत्र्याचे नाक निरखावे, कारण केसांत न उमटलेला काळा वा तपकिरी वारसा बहुधा नाकाच्या कातडीवर प्रकट होतो.

उत्क्रांतीकडे जाणारी वाट येथूनच फुटते. सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे १९५९ मध्ये दिमित्री बेल्याएव यांनी आरंभिलेल्या आणि त्यांच्या पश्चात ल्युदमिला त्रुत यांनी निष्ठेने चालविलेल्या प्रयोगात रुपेरी कोल्ह्यांची निवड केवळ माणसाविषयीच्या सौम्यतेवरून होत असता, काही पिढ्यांत लोंबते कान, वळलेली शेपटी आणि अंगावर पांढरे डागही दिसू लागले. हे कोल्हे कातडीच्या व्यापारासाठी आधीपासूनच पाळलेल्या कळपांतले होते आणि यांपैकी काही लक्षणे त्यांच्यात पूर्वीच होती, हा पुढे घेतला गेलेला आक्षेपही शिक्षकाने अवश्य सांगावा. वादासकट शिकविलेले शास्त्रच मुलांच्या बुद्धीला चालना देते.

लांडगा आणि कुत्रा दोघांचीही गुणसूत्रे ७८. तथापि पिष्टमय अन्न पचविण्यास साह्य करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात सामान्यतः दोनच प्रती असतात, तर शेती करणाऱ्या समाजांच्या सोबतीने वाढलेल्या बहुतेक कुत्र्यांत त्या कितीतरी अधिक आढळतात, असे २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने आणि त्यानंतरच्या संशोधनाने दाखविले. सायबेरियन हस्की आणि ऑस्ट्रेलियातील डिंगो यांच्यात मात्र त्या थोड्याच का, हा प्रश्न भूगोलाचा नकाशा पुढ्यात ठेवून वर्गाला विचारावा.