पाच गुंठ्यांत पालेभाजी करताय? सगळं रान एकाच दिवशी पेरू नका

पाच गुंठे कोथिंबीर एकदम टाकली की ती एकदमच काढणीला येते. त्या आठवड्यात भाव पडलेला असला तर काढणीची मजुरीही सुटत नाही. कांद्यासारखी ती चाळीत ठेवता येत नाही. रानात ठेवली तर निबर होऊन फुलावर येते. शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून बी टाकायचं, हा तर गावोगावचा ठरलेला घोळ.

त्यापेक्षा रानाचे गुंठ्या-गुंठ्याचे पाच भाग पाडा आणि दर आठवड्याला एकच पेरा. मेथी 25 ते 30 दिवसांत निघते, त्यामुळे पाचवा भाग पेरून होईतो पहिला मोकळा होत येतो. कोथिंबीर जास्त दिवस घेते, तिच्यासाठी सहावा भाग धरावा. एका गुंठ्याचा माल घरची दोन माणसं आठवडी बाजारात बसून विकतात, पाच गुंठ्यांचा मात्र व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावा लागतो.

गुंठ्याला मेथीचं बी साधारण 300 ग्रॅम लागतं. धने अख्खे पेरू नका. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून हलके रगडून दोन फाका करा आणि 12 तास भिजवून पेरा. तरी उगवायला आठ-दहा दिवस जातात, घाबरून परत बी टाकू नका. मेथीच्या जागी लगेच मेथी नको, मर वाढते; तिथे पालक घ्या.