धूळ खात पडलेली स्पोर्ट्स कार : घ्यावी की सोडावी?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर आणि लेथच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्यातल्या तरुणांकडून एक प्रश्न नेहमी येतो. एखाद्या बंगल्याच्या आवारात किंवा बंद कारखान्याच्या शेडमध्ये दहा-पंधरा वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी स्पोर्ट्स कार मालक स्वस्तात देतो आहे. ती घेऊन, नीट करून विकली तर चार पैसे सुटतील का? हौशी मंडळी अशा गाडीला चांगली किंमत देतात, हे खरे. पण अशा सौद्यात घरची पुंजी दोन-दोन वर्षे अडकून बसते, हेही तितकेच खरे. म्हणून या वेळी हा विषय जरा तपशिलात घेत आहोत.

आपल्या देशात स्पोर्ट्स कार फार थोड्या बनल्या. त्यांतली आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने काढलेली सॅन स्टॉर्म. दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची ही छोटी गाडी. इंजिन रेनोचे, ११४९ सी.सी.चे. दुसरी, स्वतः स्पोर्ट्स कार नसलेली पण त्याच घराण्यातली, म्हणजे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच चॅसीवरून बेतलेली होती. एक गाडी फायबरची, दुसरी पत्र्याची. या दोन उदाहरणांवरून बहुतेक सगळे कळण्यासारखे आहे.

गाडी पाहायला गेलेला माणूस प्रथम बॉनेट उघडतो आणि इंजिन फिरते का ते पाहतो. आमच्या मते ही पाहणी शेवटी करावी. जाम झालेले इंजिन खोलता येते, बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात, क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्ह बसवून मिळतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास या कामाला माणसांची वाण नाही. सौदा बुडतो तो दोन ठिकाणी, गाडीच्या सांगाड्यात आणि तिच्या कागदपत्रांत.

हेराल्डची चॅसी वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसते. दारांखालचा भाग पेलणाऱ्या चॅसीच्या आडव्या फांद्या आधी कुजतात. जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या, गाडीखाली झोपा आणि टोचून पाहा. लोखंड पापुद्र्यासारखे सुटले तर वरच्या रंगाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. पत्र्यावर कपड्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. सॅन स्टॉर्मच्या बाबतीत हीच युक्ती फसवते. फायबर गंजत नाही, त्यामुळे गाडी वरून ठणठणीत दिसते. गंजतो तो आतला पोलादी सांगाडा आणि सस्पेन्शन जिथे त्याला जोडलेले असते त्या जागा. फायबरला बिजागरांपाशी व कोपऱ्यांत केसासारख्या भेगा जातात. कारखान्यांसाठी फायबरच्या टाक्या बनवणारा कारागीर त्या भरून देऊ शकतो. हे काम डेंटरच्या हातोड्याचे नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : गाडी पाण्यात होती का? २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पाण्याने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. उल्हास असो की वालधुनी, काठावरच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी सुटली असेल असे गृहीत धरू नये. सीटखालचा गालिचा उचलून गाळाची रेघ शोधा, दाराच्या आतल्या पॅनेलमागे बोट फिरवा, वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट बुरशी आहे का ते पाहा. पुरात राहिलेल्या गाडीचे संपूर्ण वायरिंग बदलावे लागणार असे धरूनच भाव करावा.

सुट्या भागांचे काय? मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीचे सामान कुर्ल्याच्या बाजारात शोधून तरी मिळू शकते. स्टॉर्मचे तसे नाही. तिचे इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांना होते. भारतात २००७ मध्ये आलेल्या लोगनचे पेट्रोल इंजिन वेगळे, तेव्हा ‘रेनोचे आहे, मिळेल’ या बोलण्यावर जाऊ नये. काचा, दिवे, टपाची रबरे यांतली एखादी वस्तू जरी गहाळ असेल तरी तिच्यावाचून गाडी महिनोन्महिने अडते. जे नाही त्याची यादी सौद्याआधी करावी.

आता कागद. आपला भाग कल्याण आर.टी.ओ.च्या, म्हणजे एम.एच. ०५ च्या हद्दीत येतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीसाठी ही फी १०,००० रुपये झाली; परदेशातून आणलेल्या मोटारीला ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. गोव्याच्या नंबरची स्टॉर्म असेल तर तिकडचे ना-हरकत पत्र आणि इकडचा कर हेही आले. मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावे नोंद करून घ्यावी, नाहीतर पुढे एखादा भाऊ उभा राहतो. चॅसी नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहा. गंजून तो वाचता येत नसेल तर आम्ही तरी तो सौदा सोडून देऊ.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ ही वेगळी मालिका दिली आहे. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे हेराल्डमध्ये दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले की ही वाट बंद.

हिशेब कसा मांडावा? समजा, गाडी ८० हजारांना मिळाली. सांगाडा, बॉडी आणि रंग दीड लाख, इंजिन-गिअरबॉक्स ८० हजार, वायरिंग, टायर, काचा, सीट व टप ९० हजार, कागदपत्रे २५ हजार. झाले सव्वाचार लाख. अशा कामात न दिसलेले बरेच निघते, म्हणून त्यावर चौथा हिस्सा धरा. सव्वापाच लाखांच्या पुढे गेलो. शेडची जागा अडली आणि परत पाठवलेली गिऱ्हाइके यात धरलेलीच नाहीत. तशी तयार गाडी बाजारात किती भावाला जाते हे आधी पाहून त्यातून हे सारे वजा करावे. उरेल ती खरेदीची किंमत. काही उरत नसेल तर गाडी फुकटही महाग. आणि या कामासाठी व्याजी कर्ज काढणे दीनच्या दृष्टीने तर वर्ज्यच. शिवाय गाडी उभी आणि हप्ता चालू, हे व्यवहारातही परवडत नाही.

एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत असा मुदारबा करता येतो. त्यात नफा ठरल्या प्रमाणात वाटायचा, पण तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा. कारागिराची मेहनत वाया गेली हाच त्याचा तोटा, अर्थात त्याने हयगय केली नसेल तर. हे आधीच साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे. दोस्तीखात्यात सुरू झालेली कामे इथेच बिघडतात.

तयार गाडी विकतानाची जबाबदारी तर याहून मोठी. पुट्टी आणि रंग हे आपल्या कारागिरांचे हुनर आहे आणि त्याच हुनराने कुजलेला पत्रा झाकताही येतो. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उघड केला आणि तो वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पुरातली गाडी, जोडलेली चॅसी, बदललेले इंजिन हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे आणि पावतीवरही लिहावे. कामाचे फोटो सुरुवातीपासून काढून ठेवले तर जाणकार गिऱ्हाईक त्यांचेही पैसे देते.

विकण्याच्या इराद्याने घेतलेली गाडी हा व्यापारी माल ठरतो. तेव्हा साल पूर्ण होताना ती अर्धवट अवस्थेत शेडमध्ये उभी असली तरी त्या दिवशीच्या तिच्या बाजारभावाने झकातीच्या हिशेबात धरावी. स्वतः वापरण्यासाठी घेतलेल्या गाडीवर झकात नाही.